काया, कांती आणि करुणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

धार्मिक ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात चेहऱ्याला आणि हातापायांना लावायच्या क्रीमवर व्याख्यान, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून अनेकांना नवल वाटले असेल. बारा भावनांमध्ये अशुचिभावना सांगितली आहे. हा देह कितीही न्हाऊमाखू घातला तरी अशुचीच राहतो, असे चिंतन करणाऱ्या परंपरेत कांतीची चर्चा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका साध्या घरगुती प्रसंगातून मिळेल.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. घरातील आजींनी सत्तरी ओलांडली आहे. कित्येक वर्षांचा चौविहार, उकळलेले पाणी, कंदमुळे वर्ज्य, पायात चामडे नाही, अंगावर रेशीम नाही. रोज सकाळी अनवाणी देरासरात जायचे हा नेम. हिवाळा आला की त्यांच्या टाचांना भेगा पडतात, कधी रक्तही येते. म्हणून रात्री प्रतिक्रमण आटोपल्यावर डबीतले मलम टाचांना चोळायचे, हेही वर्षानुवर्षे चालत आलेले. एके दिवशी सुट्टीवर आलेली नात ती डबी उचलते, मागची बारीक अक्षरे वाचते आणि म्हणते, "आजी, यात लॅनोलिन आहे. ते मेंढीच्या लोकरीतून काढतात. तुला ठाऊक होते?" आजींचा हात थांबतो. "मग टाचांना लावू तरी काय?" एवढेच त्या विचारतात.

आजींच्या या प्रश्नात नटण्यामुरडण्याची हौस नाही. देरासरापर्यंत चालत जाता यावे, एवढीच त्यांची इच्छा आहे. पण ज्या व्रतासाठी चालायचे, त्याच व्रताला पायाखालचे मलम बाधा आणत असेल तर काय करावे? आजच्या विषयाचे मूळ येथे आहे.

त्वचेचे काम

प्रथम त्वचेकडे पाहू या. पाच इंद्रियांपैकी स्पर्शनेंद्रिय हे पहिले. एकेंद्रिय जीवालाही ते असते. प्रौढ माणसाच्या अंगावर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हे त्या गिलाव्याचे घटक होत. आतील पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरील जंतू व धूळ आत येऊ न देणे, हे या भिंतीचे काम. साधारण चार आठवड्यांत ही भिंत नवी होते. वय वाढते तसा हा काळही वाढतो.

त्वचेचा सामू साधारण पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. साध्या साबणाचा सामू मात्र नऊ ते दहा असतो. म्हणून वारंवार साबण लावला की गिलावा निघून जातो, त्वचा ओढल्यासारखी होते आणि पुढे भेगा पडतात. बाजारातील बहुतेक क्रीम या गिलाव्याची डागडुजी करण्यासाठी असतात. जाहिरात काहीही म्हणो, त्यांतील मुख्य घटकांची कामे तीनच आहेत. पहिला वर्ग पाणी ओढून धरणारा: ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल, यूरिया. दुसरा वर्ग भेगा व फटी भरून त्वचा मऊ करणारा: निरनिराळी तेले आणि मेदाम्ले. तिसरा वर्ग वरून झाकण घालून पाणी उडू न देणारा: पेट्रोलियम जेली, मेण, लॅनोलिन.

हे तीन वर्ग ध्यानात ठेवले की डबीवरच्या लांबलचक यादीची भीती वाटत नाही. आपल्या देशातील नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्यामुळे डबीवर मोठ्या अक्षरांत केशर-चंदन आणि यादीत ते अगदी शेवटी, असे दिसले तर केशर-चंदन किती आहे याचा अंदाज ग्राहकाला सहज यावा.

नाव कळते, मूळ कळत नाही

आता खरी अडचण. ही यादी घटकाचे नाव सांगते. तो कोठून आला हे बहुधा सांगत नाही.

कापडाच्या व्यापारात एक जुनी परीक्षा आहे. ठाणावर काहीही छापलेले असो, जाणकार व्यापारी एक धागा ओढून काडीने पेटवून पाहतो. सुती धागा कागदासारखा जळतो, लोकर जळताना जळक्या केसांचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. धाग्याचे मूळ अग्नी सांगतो. क्रीममधील ग्लिसरीनची अशी परीक्षा घरी घेता येत नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शीले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्ह तेलापासून ग्लिसरीन वेगळे केले. ते कोणत्याही तेलापासून अथवा चरबीपासून निघते. खोबरेल किंवा पामतेल चालते, तशी गुरांची चरबीही चालते. दोन्हींतून निघणारा रेणू तंतोतंत एकच. स्टिअरिक आम्लाचेही तसेच आहे. क्रीमला दाटपणा आणणारे हे मेदाम्ल चरबीतून येते, तसे पामतेलातूनही येते.

या गोष्टीला दोन बाजू आहेत. ग्राहकाला मूळ ओळखता येत नाही, ही चिंतेची बाजू. दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. रेणू एकच असल्यामुळे वनस्पतीजन्य ग्लिसरीन निवडणाऱ्याच्या त्वचेला काहीही उणे पडत नाही. येथे अहिंसेसाठी कसलाही त्याग करावा लागत नाही. करावी लागते ती फक्त चौकशी.

काही नावे मात्र स्वतःच बोलतात. साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' लिहिलेले असेल तर तो साबण चरबीचा आहे. 'सोडियम पामेट' आणि 'सोडियम कोकोएट' ही अनुक्रमे पामतेलाच्या आणि खोबरेलाच्या साबणाची नावे. १९८३ साली वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचे उघडकीस आले, तेव्हा देशभर केवढी खळबळ माजली हे ज्येष्ठांना आठवत असेल. ताटातील तुपाबद्दल एवढा सावध झालेला समाज न्हाणीघरातील साबणाच्या वडीबद्दल तितकाच सावध आहे का, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

हिंसेचे घटक आणि त्यांचे पर्याय

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरील मेणचट द्रव्य. लोकर धुताना ते निघते. ते त्वचा मऊ करते आणि झाकणही घालते, हे खरे. काहींना मात्र त्याची अॅलर्जी असते. त्यासाठी मेंढी मारत नाहीत, परंतु लोकरीच्या धंद्यात तिला होणाऱ्या क्लेशाशी ते जोडलेले आहे. त्याचे काम करणारा उत्तम पदार्थ आपल्या कोकणात आहे, तो म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. कोकणातील घरांत याचे घट्ट गोळे असत आणि हिवाळ्यात ते भेगांना लावत. त्यातील निम्म्याच्या आसपास मेदाम्ल स्टिअरिकच असते. चरबीतून मिळवायचे ते द्रव्य झाडाच्या बीमध्ये आयते उपलब्ध आहे.

स्क्वालीन हे माणसाच्या त्वचेवरील तेलातही असते, म्हणून ते त्वचेला मानवते. जपानी शास्त्रज्ञ त्सुजिमोतो यांना ते विसाव्या शतकाच्या आरंभी शार्क माशाच्या यकृताच्या तेलात सापडले आणि त्यापायी असंख्य शार्क मारले गेले. आज तेच द्रव्य ऑलिव्हपासून आणि उसाच्या साखरेपासून तयार होते. वेष्टनावर 'वनस्पतीजन्य स्क्वालेन' असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ते घ्यावे.

हायलुरॉनिक आम्लाचा प्रवास तर विलक्षण आहे. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळे केले. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढू लागले. आता ते मुख्यतः जिवाणूंच्या किण्वनातून तयार करतात. किण्वनातही सूक्ष्म जीवांचा प्रश्न उरतोच आणि त्याचा निर्णय ज्याने त्याने गुरुभगवंतांना विचारून घ्यावा. तरीही पंचेंद्रिय जीवाच्या मानेवरील सुरी दूर झाली, हे अंतर लहान नाही.

ओठांच्या लालीतील कार्माइन हा रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून निघतो. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० किडे लागतात, असे सांगितले जाते. यादीत तो 'सी. आय. ७५४७०' या क्रमांकानेही लिहिलेला असतो. कापड बाजारातील जुना शब्द 'किरमिजी' याच कुळातला. किडा या अर्थाच्या फारसी शब्दावरून तो आला आहे. म्हणजे रंगाच्या नावातच जीवाची नोंद होती. वापरणारे ती विसरले. बीट किंवा लोह-ऑक्साइड यांपासूनही लाल छटा मिळतात.

मधमाशीचे मेण 'सीरा आल्बा' या नावाने येते. त्याचे काम कार्नोबा व कॅंडेलिला या वनस्पतींचे मेण करू शकते. नखरंगात आणि केसांच्या फवाऱ्यात वापरली जाणारी शेलॅक म्हणजे लाख. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आहे. तीत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, नावानिशी सांगितला आहे. ज्या वस्तूचा व्यापारही श्रावकाला वर्ज्य, ती नखांवर मिरवताना विचार करायला हवा. 'सेरिसिन' अथवा 'सिल्क प्रोटीन' हे रेशमाच्या कोशातून येते. ज्यांनी रेशमी वस्त्र सोडले, त्यांना त्याविषयी अधिक सांगणे नको.

राहिले कोलॅजन. हे जनावरांची कातडी, हाडे आणि मासे यांपासून मिळते आणि सुरकुत्या घालवण्याच्या आशेने विकले जाते. त्वचेतून सहज आत जाण्यासाठी पदार्थाचा रेणुभार साधारण ५०० च्या आत असावा लागतो. कोलॅजनचा रेणुभार सुमारे ३,००,००० आहे. वरून लावलेले कोलॅजन वरच राहते आणि फार तर थोडा ओलावा धरते. त्याचे तुकडे करून घातले तरी त्यापासून त्वचेतील कोलॅजन तयार होत नाही. एवढी हिंसा करून पदरात पडते ते काम दोन रुपयांचे ग्लिसरीनही करते. त्वचेतील स्वतःचे कोलॅजन टिकवायचे असेल तर ऊन टाळणे हा पहिला उपाय. झिंक ऑक्साइडसारख्या खनिजाचे आवरण त्यासाठी उपयोगी पडते. कोलॅजन घडवण्यासाठी शरीराला क जीवनसत्त्व लागते, आणि ते आवळ्यात भरपूर आहे.

हिरवे ते सारेच निर्दोष नव्हे

तथापि वनस्पतीजन्य म्हणजे आपोआप हितकर, असे समजणेही चूक ठरेल. लिंबाचा रस चेहऱ्याला चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग राहतात. खोबरेल तेल कोरड्या त्वचेला गुणकारी असले तरी मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रे बुजवू शकते. पामतेलासाठी आग्नेय आशियात जंगले तोडली गेली. त्या जंगलांत वनस्पतिकायापासून पंचेंद्रियापर्यंत सर्व जीव होते. दुसरीकडे, यूरिया हा शब्द ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. १८२८ साली वोलर यांनी तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला आणि आजचा यूरिया कारखान्यातच तयार होतो. टाचांच्या भेगांवर यूरियाचे मलम फार उपयोगी पडते. पेट्रोलियम जेलीही अशीच: चेसब्रो यांनी १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती खनिज तेलातून येते, स्वस्त आहे आणि झाकण घालण्याच्या कामात तिला तोड नाही.

'परिरक्षक विरहित' या शब्दाचाही विचार व्हावा. जैन घरात शिळे ठेवत नाहीत, लोणच्यालाही काळमर्यादा असते. ओलसर पदार्थात जीवोत्पत्ती होते म्हणून. हाच नियम क्रीमला लागू आहे. ज्या क्रीममध्ये पाणी आहे आणि परिरक्षक नाही, ते जंतूंचे माहेरघर होते. त्यामुळे घरी केलेले बेसन-हळदीचे उटणे भिजवायचे ते त्या वेळेपुरतेच. निव्वळ तेल किंवा कोकमाचा गोळा यांत पाणी नसल्यामुळे ते अधिक टिकतात.

आणखी एक भेद. 'क्रूएल्टी-फ्री' म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेले. 'वीगन' म्हणजे प्राणिज घटक नसलेले. पहिल्या शब्दाच्या डबीत मध आणि मेण असू शकते. भारताने २०१४ साली प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली आणि अशी चाचणी झालेल्या मालाची आयातही रोखली, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र घटकांच्या मुळाविषयी कायद्याची साथ अपुरी आहे. खाद्यपदार्थांवर शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह बंधनकारक आहे. प्रसाधनांवरही प्राणिज घटकांची खूण असावी, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आज काही डब्यांवर हिरवा ठिपका दिसतो, काहींवर दिसत नाही. ठिपका नसेल तेथे उत्पादकाला पत्र लिहून विचारणे, हाच ग्राहकाच्या हातातील मार्ग.

स्वतःच्या देहाशी हिंसा

अहिंसेचा विचार दुसऱ्या जीवांपुरता थांबत नाही. गोरेपणाच्या हव्यासापायी माणूस स्वतःच्या देहालाही इजा करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण अचानक वाढले. डॉक्टरांनी अभ्यासलेल्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्यांतील १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. अशा बेकायदा क्रीममध्ये पारा असतो. तो रंगद्रव्य रोखतो आणि त्वचेतून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. ती औषधे म्हणून मोलाची आहेत. परंतु उजळपणासाठी महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल होते, आणि मलम थांबवताच त्रास उसळतो. २०१८ साली शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तरीही विवाह ठरवताना 'मुलगी गोरी हवी' असे म्हणणारी घरे समाजात आहेत तोवर या डब्या खपतच राहतील. हा दोष केवळ कारखानदाराच्या माथी मारता येणार नाही.

पुन्हा आजींच्या टाचा

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. रात्री कोमट पाण्याने पाय ओले करून टिपून घ्यावेत. त्वचा ओलसर असतानाच वनस्पतीजन्य ग्लिसरीनचे दोन थेंब चोळावेत, त्यावर कोकमाचे तेल किंवा पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घालावेत. भेगा खोल असतील तर यूरियाचे मलम आणावे. मधुमेह असल्यास पायाची कोणतीही जखम घरगुती उपायांवर न सोडता डॉक्टरांना दाखवावी. या सर्वांत मेंढी नाही, मासा नाही, मधमाशी नाही, आणि खर्चही पूर्वीच्या डबीहून कमीच. नातीने वाचलेल्या त्या बारीक अक्षरांमुळे आजींचा नेम मोडला नाही. तो अधिक शुद्ध झाला.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण व्रत आहे. वापरायच्या वस्तूंची मर्यादा ठरवणे, हा त्याचा आशय. आरशापुढे बारा डब्या असतील तर त्यांतील प्रत्येकीला तीन प्रश्न विचारावेत: हिचे काम काय, हिचे मूळ कोठले, आणि हिच्यावाचून चालेल का? बारापैकी तीन-चारच या परीक्षेत उतरतील, असा अनेकांचा अनुभव असेल.

ट्रस्टने पन्नास वर्षांत पाठशाळा, औषधोपचार आणि जीवदयेची कामे निष्ठेने केली. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यात एका लहान कामाची भर घालता येईल. आज उल्लेखिलेल्या घटकांची मोठ्या अक्षरांतील यादी सूचनाफलकावर लावावी. पाठशाळेतील मुलांनी घरातील साबण व क्रीम यांची वेष्टने आणून तिच्याशी ताडून पाहावीत, आणि मूळ स्पष्ट नसेल तेथे ट्रस्टच्या वतीने उत्पादकांना पत्रे जावीत. आजींची दृष्टी मंद झाली असेल. नातवंडांचे डोळे तीक्ष्ण आहेत. दोघांनी मिळून वाचले तर पुष्कळ जीव वाचतील.

या विवेचनात जिनाज्ञेच्या विरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!